डेबियनमधून सीपीयूफ्रेक-युटिल्स गेलं ते बरं झालं

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १३ व्या आवृत्तीत सीपीयूफ्रेक-युटिल्स हे पॅकेज, म्हणजे प्रोसेसरचा वेग सांभाळणारं साधन, नाही. ९ ऑगस्ट २०२५ ला ही आवृत्ती आली. नवीन मशीनवर सवयीनं ते नाव टाइप केलं की 'असं पॅकेज बसवता येत नाही' एवढंच उत्तर येतं. जुन्या मशीनवर, जिथं डेबियन १२ वरून अपग्रेड केलंय तिथं, ते तसंच बसलेलं असतं, बूट होताना चालतंही, आणि त्याला आता कुणी वाली नाही हे ते कुठंही सांगत नाही. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला लिहायचंय, कारण मी सांभाळते त्यातली बहुतेक मशीनं अपग्रेड केलेलीच आहेत.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोसेसर कायम एकाच वेगानं पळत नाही. काम नसेल तर घड्याळाचा वेग खाली येतो, काम आलं की वर जातो. हा वेग कुठं आहे ते बघायला आणि कोणत्या धोरणानं बदलायचा ते ठरवायला हे छोटंसं साधन होतं. त्यात सीपीयूफ्रेक-इन्फो ही आज्ञा माहिती द्यायची आणि सीपीयूफ्रेक-सेट ही आज्ञा बदल करायची. शिवाय ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये या साधनाची एक सेटिंगची फाइल असायची. बूट होताना ती वाचली जायची आणि त्यात लिहिलेला गव्हर्नर, म्हणजे वेग बदलायचं धोरण, प्रोसेसरला लागू व्हायचा.

मी सांगलीत लहान ऑफिसांचे संगणक सांभाळते. मार्केट यार्डातली काही अडत दुकानं, विश्रामबागेतले एक-दोन सीए, तासगावकडच्या एका शाळेची लॅब. सगळीकडे डेबियन आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप. बाबांचं मिरजेत इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे संगणकाशी माझी ओळख झाली ती 'हा किती वॅट ओढतो' या प्रश्नापासून. सीपीयूफ्रेकशी गाठ पडली तीही तिथंच.

भारनियमनाच्या वर्षांत यार्डातल्या दुकानात दुपारी वीज गेली की सगळा कारभार एका इन्व्हर्टरवर यायचा. एक पंखा, एक ट्यूब आणि बिलं काढणारा संगणक. सौदे निघाले की हिशेबाच्या पट्ट्या करायलाच हव्यात, शेतकरी पायरीवर बसलेला असतो. अशा वेळी बॅटरी अर्धा तास जास्त टिकली तर त्याला मोल होतं. तेव्हा अ‍ॅथलॉन ६४ चे संगणक बरेच होते. त्यांना कूल अँड क्वाएट यायचं, म्हणजे निवांत असताना प्रोसेसर एक गिगाहर्ट्झवर उतरायचा आणि व्होल्टेजही सोबत खाली यायचं. खरी बचत व्होल्टेजमध्ये असते. वेग अर्धा केला तर वीज साधारण अर्धी लागते, पण काम संपायला वेळही दुप्पट लागतो. व्होल्टेज मात्र वर्गाच्या प्रमाणात मोजलं जातं, ते थोडं उतरलं तरी वॅट चांगले खाली येतात. बाबा क्लॅम्प मीटर लावून बसायचे, मी गव्हर्नर बदलायची, आणि सुई कुठं जाते ते दोघं बघायचो.

पेंटियम ४ च्या मशीनवर हेच करून बघितलं तेव्हा पडद्यावरचा वेग झर्रकन खाली आला आणि मीटर जिथल्या तिथं. कारण नंतर कळलं. पेंटियम ४ साठीचा तो क्लॉकमॉड नावाचा ड्रायव्हर व्होल्टेजला हातच लावत नव्हता, नुसते घड्याळाचे ठोके मधून मधून गाळत होता. निवांत प्रोसेसर तसाही झोपतो, त्यामुळे त्यात वाचत काहीच नव्हतं, उलट काम लांबत होतं. पडद्यावर १.४ दिसलं म्हणून काही वाचलं असं होत नाही, हे बाबांनी मीटरकडे बोट दाखवून सांगितलं होतं. तेव्हापासून कुठलंही मोजमाप दाखवणारं साधन बघितलं की तो आकडा नेमका कुठून आला हे मी आधी शोधते.

या साधनाला काढायला हवं होतं असं मी म्हणते, त्याचं मूळही इथंच आहे.

सीपीयूफ्रेक-युटिल्स डॉमिनिक ब्रोडोव्स्की यांनी लिहिलं. कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, सीपीयूफ्रेक यंत्रणेवर सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी काम केलं त्यातले ते एक. २००४ पासूनचं त्यांचं नाव सीपीयूफ्रेक-इन्फोच्या पहिल्या ओळीत छापलेलं असायचं. त्याची शेवटची आवृत्ती ००८. पुढं २०११ मध्ये त्यांनी स्वतःच हा कोड थॉमस रेनिंगर यांच्या सोबतीनं सीपीयूपॉवर या नव्या नावानं कर्नलच्याच मूळ कोडमध्ये हलवला. लिनक्स ३.१ पासून तो तिथंच आहे, कर्नलसोबत वाढतो, कर्नलसोबत तपासला जातो. म्हणजे मूळ लेखकानंच जुन्या घराला कुलूप लावलं आणि नवा पत्ता दिला. तरी डेबियनमध्ये जुनं पॅकेज पुढची चौदा वर्षं राहिलं. डेबियन १२ मध्येही ००८ च.

या चौदा वर्षांत खाली काय काय बदललं ते बघा. २०१३ मध्ये कर्नल ३.९ सोबत इंटेल पीस्टेट हा वेग सांभाळणारा ड्रायव्हर आला. २०१६ मध्ये ४.७ सोबत शेडयुटिल गव्हर्नर आला. २०२२ मध्ये ५.१७ सोबत एएमडी पीस्टेट आला. टर्बो आणि बूस्ट (गरजेला नेहमीच्या वेगाच्याही वर जाण्याची सोय) तर आता स्वस्तातल्या प्रोसेसरातही असतात. नव्या इंटेल प्रोसेसरात वेग किती ठेवायचा हे बहुतांशी हार्डवेअरच ठरवतं, कर्नल फक्त कल सुचवतो. जुन्या साधनाचा जन्म यातल्या प्रत्येक गोष्टीच्या आधीचा. त्याच्या लेखी प्रोसेसर म्हणजे चार-पाच ठराविक पायऱ्यांचा जिना.

एक गोष्ट जवळून दाखवते, कारण माझं मत पक्कं झालं ते यावरूनच. एका दुकानात दहाव्या पिढीचा आय-३ आहे. त्यावर दोन्ही साधनं शेजारी शेजारी चालवून बघितली. जुन्यानं सरळ सांगितलं की सध्याचा वेग अमुक गिगाहर्ट्झ आहे. पूर्णविराम. नव्यानं, म्हणजे सीपीयूपॉवरनं, दोन ओळी दिल्या. पहिलीत म्हटलं की हार्डवेअरला विचारता येत नाही. दुसरीत तोच आकडा दिला आणि पुढं कंसात लिहिलं की हा कर्नलला विचारून मिळालेला आकडा आहे. त्याखाली बूस्ट आहे का, चालू आहे का, हेही. जुन्या साधनात बूस्टचं नावही नव्हतं.

आकडा तोच आहे, फरक आहे तो साक्षीचा. जुन्या साधनालाही हार्डवेअरकडून उत्तर मिळालं तर ते तसं लिहायचं, पण नाही मिळालं तर गुपचूप कर्नलचा आकडा पुढं करायचं. अ‍ॅथलॉनच्या काळात हे चाललं, कारण दोन्हीकडून येणारं उत्तर जवळजवळ एकच असायचं. आज इंटेल पीस्टेट हार्डवेअरच्या त्या थेट वाचनाची फाइलच देत नाही. म्हणजे या ड्रायव्हरवर जुनं साधन प्रत्येक वेळी ऐकीव आकडाच सांगतं, आणि ऐकीव आहे हे सांगत नाही. यार्डातल्या प्रत्येक वजनकाट्याला ठराविक मुदतीनं पडताळणीचा शिक्का लागतो. काटा बरोबर असेलही, पण शिक्क्याची मुदत टळली असेल तर त्यावर हळदीचं पोतं ठेवू देत नाहीत. मला हे साधन तसंच वाटतं. ते चूक दाखवत होतं असा माझा दावा नाही. ते बरोबर आहे असं म्हणायला जबाबदार माणूसच उरला नव्हता.

नुसतं दाखवण्यापुरतं असतं तर मी एवढी मागं लागले नसते. ती सेटिंगची फाइल जास्त त्रासाची आहे.

२०१९ च्या महापुरात आमच्याकडच्या बऱ्याच ऑफिसांचे संगणक पाण्याखाली गेले. गाळानं भरलेले मदरबोर्ड धुऊन वाळवून बघितले, थोडेच जगले. त्यानंतर ज्यांनी पुन्हा घेतले त्यांनी जुने रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतले, आय-५ २४०० असलेले. ३.१ गिगाहर्ट्झचा, २०११ चा प्रोसेसर, आजही बिलं काढायला भरपूर. त्यावर मी तेव्हाच्या सवयीनं सीपीयूफ्रेक-युटिल्सही टाकलं होतं, फाइलमध्ये गव्हर्नर ऑनडिमांड. अपग्रेड होत होत ही मशीनं डेबियन १३ वर आली, कर्नल ६.१२ झाला, फाइल मात्र तीच.

ऑनडिमांड २००४ चा, कर्नल २.६.९ मधला. आपल्या काळात तो फार चांगला होता. तो ठराविक अंतरानं डोकावतो, गेल्या थोड्या वेळात प्रोसेसर किती रिकामा होता ते मोजतो आणि वेग वर-खाली करतो. शेडयुटिलला असं डोकवावं लागत नाही. कोणतं काम किती जड आहे हे कामांची पाळी लावणाऱ्या शेड्युलरला आधीच ठाऊक असतं, तोच हिशेब तो वापरतो. आजचा कर्नल, काही सांगितलं नाही तर, अशा मशीनवर शेडयुटिलच निवडतो. आणि मग बूट संपता संपता जुनी फाइल येते आणि कर्नलची निवड पुसून ऑनडिमांड लावते. कुणी सांगितलं म्हणून? केव्हातरी, दुसऱ्याच कर्नलसाठी, मी सांगितलं होतं म्हणून.

आय-३ च्या नव्या मशीनवर याच्या नेमकं उलट. तिथं इंटेल पीस्टेट स्वतः कारभार बघतो आणि परफॉर्मन्स व पॉवरसेव्ह असे दोनच गव्हर्नर देतो. जुनी स्क्रिप्ट ऑनडिमांड शोधते, सापडत नाही, 'गव्हर्नर उपलब्ध नाही, बंद' अशी ओळ लिहिते आणि बाहेर पडते. ही ओळ कुणी वाचत नाही. बूट होताना सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडीच्या यादीत ही सेवा हिरवीच दिसते. तिथला पॉवरसेव्हही जुन्या अर्थाचा नाही. जुना पॉवरसेव्ह म्हणजे प्रोसेसरला सगळ्यात खालच्या पायरीवर बांधून ठेवणं. पीस्टेटमधला पॉवरसेव्ह गरज पडली की टर्बोपर्यंत जातो. एका सीएंच्या ऑफिसात कुणीतरी 'मशीन पॉवरसेव्हवर आहे म्हणून स्लो आहे' असं सांगून सगळीकडे परफॉर्मन्स करून ठेवलं होतं. वेगात काही फरक पडला नाही, एप्रिलच्या उन्हात पंखे मात्र दिवसभर ओरडत होते. खरा खोळंबा जुन्या हार्ड डिस्कचा होता. एसएसडी टाकली, संपलं.

आता डेबियनच्या बाजूनं. एखादं पॅकेज काढतात म्हणजे कुणीतरी बसून यादी केलेली असते. मूळ प्रकल्प चालू आहे का, पर्याय आहे का, आणखी कोणती पॅकेजं यावर टेकून उभी आहेत. या पॅकेजातली लायब्ररी वापरणारी साधनंही होती, त्यांना आधी सीपीयूपॉवरच्या लायब्ररीवर न्यावं लागतं. मग आर्काइव्ह सांभाळणाऱ्यांकडे काढण्याची विनंती जाते. अनस्टेबल या कच्च्या शाखेतून पॅकेज निघतं, पाठोपाठ टेस्टिंग या पुढच्या आवृत्तीच्या तयारीतून, आणि पुढच्या स्टेबलमध्ये, म्हणजे लोकांना दिलेल्या पक्क्या आवृत्तीत, ते नसतं. आधीच्या स्टेबलला कुणी हात लावत नाही. म्हणून डेबियन १२ वर ते आजही बसवता येतं.

'कुणाचं काय अडलं होतं, पडून राहिलं असतं की' असं मला एकानं विचारलं. अडत होतं. कंपायलरची नवी आवृत्ती आली की प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधून बघावं लागतं. २०३८ च्या जानेवारीत ३२ बिटांचं घड्याळ उलटणार आहे, त्यासाठी २०२४ मध्ये डेबियननं शेकडो लायब्ररी नव्यानं बांधल्या. अशा प्रत्येक मोहिमेत मेलेल्या पॅकेजकडेही कुणाला तरी बघावं लागतं, आणि ही सगळी स्वयंसेवक माणसं आहेत. त्यांचा एक रविवार अशा पॅकेजवर जातो तो दुसऱ्या जिवंत पॅकेजचा असतो. त्यामुळे काढायचं काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. नवीन काही आणलं की नाव होतं. काढलं की चार जण 'का काढलं' म्हणून विचारायला येतात.

तक्रार आहे ती एवढीच की हे फार आधी व्हायला हवं होतं, आणि जाताना मशीनवर काहीतरी निरोप ठेवायला हवा होता. शेवटच्या आवृत्तीत ती आज्ञा चालवली की 'यापुढे सीपीयूपॉवर वापरा' अशी एक ओळ आली असती तरी पुरे होतं. नुसतं नाव बदलणारं पॅकेज देऊन भागलं नसतं हे मला कळतं. दोघांच्या सेटिंगच्या पद्धती वेगळ्या, जुन्या फाइलीतलं ऑनडिमांड आपोआप नवीकडं नेणं म्हणजे तीच चूक पुढं ढकलणं. पण एक ओळ.

आता मशीन साफ करताना मी काय करते ते सांगते.

आधी फाइल उघडून वाचते. बहुतेक ठिकाणी माझंच जुनं ऑनडिमांड असतं, पण एका ठिकाणी कुणीतरी कमाल वेगावर मर्यादा घालून ठेवलेली सापडली. तिथला पंखा खराब होता म्हणून तापमान आवरायला केलेली ती सोय होती. पंखा बदलल्यावर मर्यादा काढायची राहून गेलेली. असं काही असेल तर ते का होतं हे माणसांना विचारून मगच पुसायचं.

मग कोणता ड्रायव्हर चालू आहे ते बघायचं. सिस एफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथं, प्रत्येक सीपीयूच्या सीपीयूफ्रेक फोल्डरात स्केलिंग-ड्रायव्हर नावाची फाइल असते, तिच्यात नाव असतं. शेजारच्या फाइलीत गव्हर्नर असतो. या दोन फाइली वाचायला कसलंही पॅकेज लागत नाही, साधी कॅट आज्ञा पुरते.

मग काढायचं, आणि काढताना रिमूव्ह नव्हे, पर्ज. हा फरक इथं खरोखर महत्त्वाचा आहे. रिमूव्ह केलं तर प्रोग्रॅम जातात, पण इनिट-डी मधल्या, बूट होताना चालणाऱ्या दोन्ही स्क्रिप्ट आणि सेटिंगची फाइल तशाच राहतात, कारण डेबियन त्यांना वापरणाऱ्याच्या सेटिंगमध्ये धरतं. सिस्टमडी त्या स्क्रिप्ट बघून त्यांच्या नावानं सेवा तयार करतो. स्क्रिप्ट बघते की प्रोग्रॅम नाही, आणि शांतपणे बाहेर पडते. नंतर यादी बघितली तर सीपीयूफ्रेक-युटिल्स आणि लोड-सीपीयूफ्रेक या दोन्ही सेवा 'चालू, काम संपलं' म्हणून उभ्या. नवा माणूस ती यादी बघून दिवसभर चक्रावेल. पर्जनं हे सगळं जातं. लोड-सीपीयूफ्रेकची आता गरजही नाही. प्रोसेसर ओळखून त्याचा ड्रायव्हर घ्यायचं काम कर्नल स्वतःच करतो.

अपग्रेडनंतर आणखी कोणती अनाथ पॅकेजं उरली ते बघायला, पॅकेज बसवणाऱ्या एपीटीच्या लिस्ट आज्ञेत टिल्डे आणि ओ लिहायचं. जी पॅकेजं आता कुठल्याच भांडारात नाहीत ती सगळी समोर येतात. त्याच खुणेनं एकदम पर्जही करता येतं, पण माझ्या ऑफिसांत मी ते कधी करत नाही. त्या यादीत प्रिंटर कंपनीच्या साइटवरून आणून बसवलेला ड्रायव्हरही येतो, कारण तोही डेबियनच्या भांडारात नसतो. सौद्याच्या दिवशी सकाळी पट्टी छापणारा प्रिंटर गेला तर पुढचं सांगायला नको. यादी वाचायची, एकेक नाव घ्यायचं. रिमूव्ह करून मागं राहिलेल्या सेटिंगसाठी ओ च्या जागी सी.

आणि नवीन काय बसवायचं? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. हे ऐकून लोकांना चुकल्यासारखं होतं, पण शेडयुटिल आणि पीस्टेट यांना एकटं सोडणं हेच आजचं बरोबर सेटिंग आहे. जिथं खरंच बघायचं असतं तिथं लिनक्स-सीपीयूपॉवर हे पॅकेज. त्यात टर्बोस्टॅटही येतं, आणि मोजमापासाठी मला तेच सगळ्यात जास्त पटतं. प्रोसेसरच्या आत दोन मोजणीयंत्रं असतात, एक ठरलेल्या वेगानं मोजतं आणि दुसरं प्रत्यक्षात धावलेल्या वेगानं. टर्बोस्टॅट त्या दोघांचं गुणोत्तर घेऊन त्या पाच सेकंदांत प्रोसेसर सरासरी कितीनं पळाला ते सांगतं, आणि शेजारी किती वॅट ओढले तेही. एका क्षणी डोकावून घेतलेल्या आकड्यापेक्षा हे कितीतरी खरं. वेग हल्ली मिलिसेकंदांत बदलतो, प्रत्येक कोअरचा वेगळा असतो, आणि बघायला गेलं की बघणाऱ्या आज्ञेनंच तो कोअर जागा होतो. बाबांना टर्बोस्टॅट दाखवलं तर त्यांनी वॅटचा रकाना आधी वाचला आणि क्लॅम्प मीटर आणायला गेले. भिंतीतून ओढलेले वॅट अर्थातच जास्त आले, कारण त्यात एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा), डिस्क, पंखे सगळं आलं. पण काम वाढवलं की दोन्ही आकडे सोबत चढत होते, काम संपलं की सोबत उतरत होते. त्यांचं समाधान झालं.

मार्केट यार्डात मात्र हे काढणं सोपं गेलं नाही. तिथल्या दिवाणजींच्या पडद्यावर वर उजवीकडे मी केव्हातरी एक छोटा आकडा लावून ठेवला होता, दर दोन सेकंदांनी सीपीयूफ्रेक-इन्फोला विचारून लिहिणारा. अपग्रेड करून, साफ करून मी निघाले, आणि दुसऱ्याच दिवशी फोन.

"ताई, ते वरचं आकडं का काढलासा?"

मी म्हटलं, "दिवाणजी, तुम्ही त्याचं काय करत होता?"

"अवो, एक पॉइंट सहा दिसलं की मशीन निवांत हाय. मग मी मोठं प्रिंट सोडायचो. तीनच्या वर असलं की थांबायचो."

माणसानं त्या आकड्याभोवती स्वतःची शिस्त बसवली होती, आणि शिस्त चांगली होती. फक्त आकडा चुकीच्या गोष्टीचा होता. वेग वर असणं म्हणजे मशीन कामात बुडालेलं असणं असं नाही. ब्राउझरचं एक पान उघडलं तरी वेग क्षणभर शेंड्याला जातो. त्यांना हवा होता तो प्रोसेसरवरचा भार, किती टक्के वेळ तो कामात आहे ते. मी जाऊन एक्सएफसीईचा भाराचा आलेख त्याच जागी लावून दिला आणि वेगाची गोष्ट समजावून सांगितली. मोठं बिलांचं पुस्तक छापायला सोडून आलेख भरताना दाखवला, संपल्यावर उतरताना दाखवला.

ते थोडा वेळ बघत राहिले. "मग इतकी वर्षं ते आकडं कशापायी होतं?"

"इन्व्हर्टरसाठी होतं, दिवाणजी. लाइट जायची तेव्हा."

"आता कुठं जाती तेवढी," ते म्हणाले, आणि राजापुरी हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या काढायला वळले.

ज्यांना पॅनेलवर वेगच हवा आहे त्यांच्यासाठी एक्सएफसीईचं सीपीयू फ्रिक्वेन्सी प्लगइन आहेच. ते थेट कर्नलच्या फाइली वाचतं, जुन्या पॅकेजची त्याला गरज नाही. शाळेच्या लॅबमध्ये मी ते मुद्दाम ठेवलंय. मुलांना एका टर्मिनलमध्ये एखादं मोठं गणित चालवायला सांगायचं आणि चारही कोअरचे वेग कसे वर जातात ते बघायला सांगायचं. तिथल्या सरांनी ते विज्ञानाच्या तासाला घेतलं. शक्ती आणि व्होल्टेजच्या वर्गाचं सूत्र पुस्तकात असतंच.

माझ्याकडची काही मशीनं अजून डेबियन १२ वर आहेत आणि घाई नाही, त्याला जून २०२८ पर्यंत दीर्घकालीन आधार आहे. पण तिथंही मी थांबलेले नाही. लिनक्स-सीपीयूपॉवर १२ मध्येही मिळतं, त्यामुळे जुनं आत्ताच पर्ज करून ठेवते. एका जुन्या एएमडी मशीनला खरंच ठराविक गव्हर्नर लागतो, कारण त्याचा एसएमपीएस अशक्त आहे आणि मालक तो बदलायला तयार नाहीत. तिथं सिस्टमडीची एक छोटी युनिट फाइल लिहिली, बूट झाल्यावर एकदा सीपीयूपॉवर चालवून थांबणारी. वर्णनाच्या ओळीत कारण लिहून ठेवलंय: एसएमपीएस बदलला की ही फाइल काढावी.